बावीस चिंचोके आणि एक काडेपेटी

भांडण सुरू झालं ते एका रिकाम्या खोक्यावरून.

खोकं फ्रीजचं होतं. चांगलं पाच फूट उंच, कोरं करकरीत, एक कोपरासुद्धा दबलेला नाही. अहेरीच्या बाजारातल्या इलेक्ट्रिक दुकानाबाहेर ते उभं होतं आणि दिव्या सिडाम सकाळपासून त्याच्यावर डोळा ठेवून होती. दुकानदारानं "दुपारी घेऊन जा" असं सांगितलं होतं. दुपारी ती आली, खोक्याला मिठी मारली, तर खोकं जागचं हलेना. पलीकडून कोणीतरी धरलं होतं.

"सोडा," दिव्या म्हणाली.

"तुमीच सोडा जी. मी आधी धरलं," पलीकडून आवाज आला.

"मी सकाळी सांगून ठेवलं होतं."

"मी कालच सांगून ठेवलं होतं."

"खोटं! काल ह्या खोक्यात फ्रीज होता."

खोक्याच्या कडेनं एक चेहरा बाहेर आला. सावळा, कुरळ्या केसांचा, कानावर टेस्टर अडकवलेला. तो इतका मोकळा हसला की दिव्याला राग टिकवायला कष्ट पडले. पण तिनं ते घेतले. कष्टाला मागं हटणारी ती मुलगी नव्हतीच.

"तुमाले कायले पायजे?" त्यानं विचारलं.

"स्टेज बांधायचं आहे."

"पुठ्ठ्याचं?"

"पुठ्ठ्याचंच. आणि तुमाले?"

"माह्या ॲम्प्लिफायरले थंडी वाजून राह्यली." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "शाळेच्या गॅदरिंगचा सीझन आहे. मैदानात सामान उघडं राह्यते, दव पडते. खोकं पांघरून ठेवलं का बिचारा झोपते."

दिव्या काहीतरी झणझणीत बोलणार, तोच डिसेंबरात कोणी बोलावला नव्हता तो पाऊस आला. आधी चार थेंब, मग एकदम सर. दिव्यानं दुसरा विचार न करता अंगातली जर्किन काढली आणि खोक्यावर टाकली. "बघत काय राह्यले? धरा ना तिकून!"

आणि तो धरता झाला! दोघं खोकं आडवं उचलून पळत सुटले ते थेट वाचनालयाच्या व्हरांड्यात. खोकं कोरडं ठणठणीत होतं. हे दोघं मात्र केसापासून चपलेपर्यंत निथळत होते.

"बाप्पा!" तो धापा टाकत म्हणाला. "माणूस भिजला तरी चालते, पुठ्ठा नाई भिजला पायजे?"

"माणूस वाळते. पुठ्ठा फुगते."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या भुवईवरून एक थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबला होता... आणि तो पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. ती खोक्याच्या कडा तपासत होती.

"घ्या," तो म्हणाला. "खोकं तुमचं. पण माह्या ॲम्प्लिफायरची हाय लागन."

"ही जर्किन द्या त्याले पांघरायले," असं म्हणून दिव्यानं खरंच ती ओली जर्किन त्याच्या हातात कोंबली.

त्याचं नाव नागसेन फुलझेले. चंद्रपूरकडच्या माजरीचा, गॅदरिंगच्या कामासाठी अहेरीत मुक्कामाला. वडील कोळसा खाणीत आणि ह्याचा स्वतःचा साऊंडचा धंदा. दुसऱ्या दिवशी चार वाजता तो वाचनालयाच्या व्हरांड्यात हजर झाला, तेव्हा जर्किन वाळलेली होती आणि घडी अशी की इस्त्री केल्यासारखी.

"इस्त्री केली?"

"ॲम्प्लिफायरवर ठेवली होती. रात्रभर गरम होते तो. दोघंबी सुखात झोपले."

दिव्या हसली. हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण हसली. मग तिनं त्याच्या हातात सरळ कटर दिलं. नुसतं हसून पाठवायला तिच्याकडे वेळ नव्हता. रविवारपर्यंत चार दिवस उरले होते.

त्या चार दिवसांत काय व्हायचं होतं, ते सांगायलाच हवं.

दर जानेवारीत अहेरीच्या मैदानावर संगीत महोत्सव भरायचा. दिव्याची आई मंगलीबाई तीस वर्षं आपल्या टोल्याचा, म्हणजे वस्तीचा, रेला हा गोंडी फेराचा नाच घेऊन येत आलेली. बावीस बाया, एकमेकींच्या हातात हात गुंफून, आत तोंड करून गोल धरायच्या. त्या ओळीत सगळ्यांत पुढं मंगलीबाई. गेल्या वर्षी कमिटीनं मोठ्या शहरात असतं तसं स्टेज केलं. चोवीस फूट लांब, सोळा फूट रुंद, जमिनीपासून चार फूट उंच. बाया बाजूच्या पायऱ्या चढून वर गेल्या, ढोल सुरू झाला, आणि दहा पावलं होतात न होतात तोच मंगलीबाई समोरच्या कडेवरून खाली कोसळली. घोटा मोडला. कशानं पडली, ते ढोलाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

हाड जुळलं. डॉक्टरनं सांगितलं, चाला, नाचा, काही होत नाही. पण दवाखान्यात भेटायला येणारा जो तो म्हणाला, वय झालं, पाय चुकला. आणि मंगलीबाईनं ते खरं मानलं. तीस वर्षांत ज्या पायानं एक ठोका सोडला नाही, त्या पायावरचा तिचा विश्वासच उडाला. ती रेला विसरल्यासारखी वागू लागली. बाकीच्या एकवीस जणींनी सांगून टाकलं, मंगलीबाई नाही तर आम्हीही नाही. कमिटी म्हणाली, बरं, मग त्या वेळेत डीजे ठेवू.

दिव्याच्या काळजाला हे झोंबलं. चंद्रपूरहून आर्किटेक्चरचा डिप्लोमा करून ती अहेरीत एका इंजिनीअरकडे घरांचे नकाशे काढायची. आईचा पाय चुकेल, हे तिला पटतच नव्हतं. स्टेजच चुकीचं होतं. तिनं नवं स्टेज आखलं आणि कमिटीचे अध्यक्ष गुणवंतराव यांच्यापुढं नकाशा ठेवला. गुणवंतरावांनी तो आधी आडवा पाहिला, मग उभा. "पोरी, कागदावरचं मले समजत नाई. हातात धरता येईल असं दाखव. रविवारी बैठक आहे."

म्हणून पुठ्ठा. एका फुटाला दोन सेंटिमीटर. आणि स्टेज गोल, चाळीस फुटांचं, उंची फक्त एक फूट. चारी बाजूंनी लोक.

हे सगळं दिव्यानं नागसेनला सांगितलं तेव्हा तो पुठ्ठा कापत होता. कटर मध्येच थांबलं.

"मंगलीबाई... तुमची माय आहे?"

"ओळखता?"

"नाव ऐकलं," तो म्हणाला आणि खाली मान घालून पुन्हा कापू लागला. त्या दिवशी तो फारसा बोलला नाही.

पण दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला, बिनबोलावता, वेळेच्या आधी. त्याचा हात सफाईचा होता. कापताना तो जीभ दातांत धरायचा, आणि दिव्या ते बघत बसायची, आणि मग तिची रेघ वाकडी जायची.

"रेघ गेली तुमची," तो वर न बघता म्हणायचा.

"तुमाले कसं कळलं? तुमी तर खाली बघून राह्यले."

"पेन्सिलचा आवाज बदलला. साऊंडवाला आहो मी."

तिसऱ्या दिवशी 'तुमी' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. डिंकाच्या वाटीत दोघांची बोटं एकदम गेली आणि चिकटली... डिंकच तो, दुसरं काय करणार! पण बोटं सोडवायला जरा जास्तच वेळ लागला. वाचनालयात पेपर वाचणाऱ्या लटारूभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

एकच गोष्ट दिव्याला खटकायची. ती रोज म्हणायची, "चाल ना घरी, चहा घेऊ, माय आहे." आणि तो रोज काहीतरी निमित्त काढायचा. केबल गुंडाळायची आहे, माईक तपासायचा आहे. चहाला नाही म्हणणारा साऊंडवाला तिनं आजवर पाहिला नव्हता.

शनिवारी गोल स्टेज पुरं झालं. दिव्या खळ आणायला आत गेली होती, तेवढ्यात नागसेननं ढोलवाल्यांचा कट्टा आपल्या मनानं चिकटवून टाकला. पायऱ्या चढून आलं की लगेच उजव्या हाताला.

"हे काय?" दिव्या म्हणाली. "वाट अडवली की बायांची."

"काऊन? त्या तर डावीकडं वळतील ना."

"कोण सांगते? रेला उजवीकडं वळते. घड्याळाच्या उलटा. आमचं सगळंच तसं फिरते."

"सगळंच?"

"सगळंच. लग्नाचे फेरेबी." बोलून गेली आणि तिचे कान तापले. "तू हसू नको."

पण नागसेन हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला होता. "आमी विहारात, स्तूपाले, डावीकून फिरतो," तो हळूच म्हणाला. "लहानपणापासून. मले वाटलं... सगळेच तसे फिरतात."

"त्यात एवढं काय? कट्टा काढ आणि तिकडं लाव," दिव्या म्हणाली आणि तिनं फळीखालून दुसरं मॉडेल बाहेर काढलं. हे तिनं घरी एकटीनं केलं होतं, हट्टानं. गेल्या वर्षीचं स्टेज, जसंच्या तसं. उद्या कमिटीपुढं दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची होती. बाजूला पिशवीत बावीस चिंचोके, म्हणजे बावीस बाया. एक चिंचोका तिनं हळदीनं पिवळा केला होता. तो मंगलीबाई.

"सामान कुठी कुठी होतं, तेवढंच मले आठवत नाई," ती म्हणाली. "माईक, ढोल... आणि मॉनिटर. तो स्टेजवरचा खाली ठेवायचा स्पीकर असते ना, त्याची ही काडेपेटी. साऊंडवाले बहुतेक कुठी ठेवते?"

नागसेननं काडेपेटी हातात घेतली. अंगठ्यानं ती फिरवत राहिला. एकदा... दोनदा... मग त्यानं ती खाली ठेवली. पायऱ्यांजवळ, समोरच्या कडेला, जराशी तिरकी.

बहुतेक ठेवतात तिथं नव्हे. इतकी तिरकी काडेपेटी अंदाजानं कोणी ठेवत नाही.

"तुले एवढं नेमकं कसं मालूम?" दिव्यानं विचारलं. आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"मीच ठेवला होता," नागसेन म्हणाला. "मले वाटलं, बाया पायऱ्या चढून डावीकडं, मागच्या बाजूनं जातील. मागून फिरून पुढं येतपर्यंत मी तो सरकवणार होतो. पण त्या थेट समोरून आल्या... तुही माय सगळ्यात पुढं. तोंड आत. तिले तो दिसलाच नाई. मी वर्षभर सोताले समजावत होतो, बाई चुकीच्या बाजूनं आली. आज तू सांगतलं... चुकीची बाजू कोणाची होती ते."

व्हरांड्यात पेपराचं पान उलटल्याचा तेवढा आवाज झाला. दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. चार दिवस हा माणूस तिच्याशेजारी बसून पुठ्ठा कापत होता!

"पयल्याच दिवशी माहीत झालं होतं तुले. मग बोलला काऊन नाई?"

"तू पुन्हा येऊ नको म्हणशील म्हणून."

हे ऐकून ती आणखी चिडली, कारण तिला ते आवडलं होतं. तिनं डोळे पुसले.

"मी उद्या कमिटीत सांगतो," तो म्हणाला.

"कमिटी गेली उडत. आधी मायले सांग. आत्ता. उचल ते जुनं स्टेज."

मंगलीबाई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. पोरगी रागानं लाल, मागं एक अनोळखी पोरगा पुठ्ठ्याचं स्टेज ताटासारखं धरून उभा. तिनं सूप खाली ठेवलं.

"जोहार, बाई," नागसेन म्हणाला आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. त्यानं काही सजवलं नाही. काडेपेटी ठेवली, चिंचोके पायऱ्यांवरून ओळीनं आत आणले, पिवळा पुढं. तो उजवीकडे वळवला आणि काडेपेटीला टेकवला. "बाई, हे खोकं मी ठेवलं होतं. तुमची वाट मले माहीत नोती. विचारली बी नाई."

मंगलीबाईनं पिवळा चिंचोका उचलला. तळहातावर उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे... माहा पाय चुकला नोता?"

"नाई, बाई. माही अक्कल चुकली."

"ठोका बी नोता चुकला?"

"मी साऊंडवर होतो, बाई. तुमचा एक ठोका चुकला नोता. मी ऐकलं ना."

मंगलीबाई उठली. पदर खोचला. आणि ढोल नाही, साथीला कोणी नाही अशी ती अंगणात उजवीकडे एक पाऊल सरकली. दुसरं. तिसरं. घोटा जरा कुरकुरला, पण टेकला नीट. दिव्यानं श्वास धरून ठेवला होता, तो तिसऱ्या पावलाला सुटला आणि त्याच्याबरोबर हुंदकाही.

"रडतेस कायले?" मंगलीबाई म्हणाली. मग नागसेनकडे वळून तिनं त्याला बराच वेळ न्याहाळलं. "वर्षभर आला काऊन नाई रे तू?"

"भेव वाटलं, बाई."

"आता नाई वाटत?"

"आताबी वाटते."

"मग बस. चाय पेते का?"

"पेतो," नागसेन म्हणाला. दिव्या चूल पेटवायला गेली, कारण दोघांसमोर एकदम रडणं आणि हसणं तिला शोभून दिसणार नव्हतं.

रविवारी बैठकीत गुणवंतरावांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो दिव्याला अपेक्षित होता. "पाहुण्यांचे सोफे कुठी?"

"खाली, गोलाभोवती," दिव्या म्हणाली. "कुठीबी बसा, समोरच आहे."

"आणि गोल काऊन? लांब स्टेज सगळीकडं असते."

"सगळीकडं रेला नसते, भाऊ. तुमीच फिरवून पाहा." तिनं जुनं स्टेज त्यांच्यापुढं सरकवलं आणि चिंचोके हातात दिले.

गुणवंतराव चिंचोके मांडू लागले. मागं ढोल, मध्ये माईक, पुढं काडेपेटी. बावीस बायांचा गोल काही केल्या बसेना. पिवळा चिंचोका त्यांनी बोटानं पुढं ढकलला, तो काडेपेटीला अडला, आणि कडेवरून घरंगळून टेबलावर पडला. टक्कन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला.

गुणवंतरावांनी तो उचलला. "ही मंगलीबाई का?"

"हो."

मग मागच्या खुर्चीवरून नागसेन उठला आणि काडेपेटी कोणाची होती ते त्यानं सांगितलं. स्वतःचं नाव, गावासकट. एक शब्द लपवला नाही. बैठक चाट पडली. गेलं वर्षभर ज्या पडण्याला सगळे वयाचं म्हणत होते, ते वयाचं नव्हतं.

गोल स्टेज मंजूर झालं. दिव्यानंच उभं करायचं ठरलं. पण एक जण म्हणाला, मग ह्या वर्षी साऊंड ह्यालाच कसा द्यायचा? गुणवंतरावांनी मान हलवली. साऊंड दुसऱ्याला गेला. दिव्या भांडायला उभी राहिली, तर नागसेननं लांबूनच तिला नको म्हणून खूण केली. बाहेर आल्यावर ती त्याच्यावरच उखडली.

"गप काऊन बसला?"

"एका वर्षाचा साऊंड गेला. बरोबर गेला." तो हसला. "आणि आता महोत्सवात मले काही काम नाई. नुसतं पाहायले येऊ शकतो... कोणाले बी."

"कोणाले?"

"ते जानेवारीत सांगतो."

जानेवारीत मैदानावर खरंखुरं स्टेज उभं राहिलं. चाळीस फूट गोल, एक फूट उंच, एक फळीही हलत नव्हती. दिव्यानं प्रत्येक फळीवर स्वतः उड्या मारून पाहिलं होतं. चारच्या उन्हात बावीस बाया पायऱ्या चढल्या आणि उजवीकडे वळल्या. पुढं मंगलीबाई. लोक चारी बाजूंनी उभे राहिले. गुणवंतराव सोफ्यावरून उठून कडेला आले आणि पुन्हा बसलेच नाहीत. मंगलीबाईचा पाय पडत होता, उठत होता, आणि दिव्या खाली उभी राहून ओठातल्या ओठात ठोके मोजत होती. एकही चुकला नाही.

शेवटी रिवाजाप्रमाणे गोल मोकळा झाला. या म्हणाले की सगळ्यांनी यायचं. पोरं, बाया, पाहुणे, सगळे चढले. दिव्याही चढली. गर्दीत वाट काढत ती उजवीकडे निघाली आणि चार पावलांवर कोणीतरी समोरून येऊन तिच्यावर आदळलं.

नागसेन! माजरीहून मोटारसायकलवर आलेला, केसांत धूळ, हात मोकळे, आणि ते कुठं ठेवावेत हे न कळलेला.

"उलटा फिरून राह्यला तू!" ढोलाच्या आवाजात ती ओरडली.

"मुद्दाम!" तोही ओरडला. "हिशेब केला मी. उलटा फिरलो का एका फेऱ्यात दोनदा भेटतेस. तोंडासमोर." मग त्याचा आवाज खाली आला... "मले तू पायजे, दिव्या. मोटारसायकलवर सगळा रस्ता हेच म्हणत आलो, आणि इथी आल्यावर तोंड वाळलं."

ढोल वाजत होता. लोक त्यांना धक्के देत बाजूनं जात होते. दिव्यानं त्याच्या कपाळावरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली. त्या दिवशी पावसात तिला स्वतःच्या नाकावरचा थेंब दिसला नव्हता, पण ही धूळ दिसली.

"दोनदाच?" ती म्हणाली. "माह्या बाजूनं फिर ना. मग सुटायचं कामच नाई."

पुढून मंगलीबाईचा खणखणीत आवाज आला. "ए दिव्या! गोल तुटून राह्यला तिथी. हात धर त्याचा!"

दिव्यानं धरला. नागसेन उजवीकडे वळला.